एक्सपल्सला रोटरी स्टिअरिंग डॅम्पर बसवताना: दहा आठवड्यांच्या नोंदी

गाडी हिरो एक्सपल्स २०० ४व्ही, २०२२ ची, ३१ हजार किमी झालेली. पुढं ९०/९०-२१ टायर, ३७ मिमीचे शॉकअप. गाव कोल्हापूर. निम्मं काम घरच्या पोर्चमध्ये केलं, निम्मं उद्यमनगरात, म्हणजे इथल्या लेथ-वर्कशॉपच्या भागात, करून घेतलं. स्टिअरिंग डॅम्पर म्हणजे हँडलचे अचानक झटके दाबणारा भाग. या गाडीला त्याचं तयार किट मिळालं नाही म्हणून तो बसवायला लागणारा टॉवर आणि प्लेट करून घ्यावी लागली आणि त्यातच सगळा वेळ गेला. दुसरं कुणी हे करायला घेतलं तर माझे पैसे जिथं बुडाले तिथं त्याचे बुडू नयेत म्हणून लिहून ठेवतोय.

८ डिसेंबर २०२४, रविवार

मागच्या रविवारी कासारी नदीकाठच्या रानातून येत होतो. उसाचा हंगाम सुरू झालाय, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी ओल्या काळ्या मातीत चाकोऱ्या पाडलेल्या आणि वर उन्हानं त्या विटेसारख्या कडक झालेल्या. साधारण ५५ च्या स्पीडला पुढचं चाक एका चाकोरीत उतरलं, बाहेर पडताना हँडलनं डावीकडं झटका मारला, मग उजवीकडं, असं तीन-चार वेळा, आणि मला काही करायच्या आत ते थांबलंही. पडलो नाही, पण डाव्या अंगठ्याच्या मुळाशी असं मुरगळलं की आठवडाभर क्लच ओढताना कळ येत होती. हात हँडलवर असताना ते फिरलं की अंगठाच आधी सापडतो.

तेव्हाच डॅम्पर घ्यायचं डोक्यात पक्कं झालं. पण आज आधी गाडी तपासली आणि बरं झालं. इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याखाली (बॅशप्लेट) जॅक आणि लाकडी ठोकळे लावून पुढचं चाक उचललं. हँडल सरळ ठेवून बोटानं हलकं ढकललं की ते एका बाजूला आपोआप पडायला पाहिजे. माझं सुटतच नव्हतं, बरोबर मधोमध खटकन बसल्यासारखं व्हायचं आणि तिथून जोर लावून सोडवावं लागायचं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला. चूक माझीच, दर राईडनंतर प्रेशर वॉशरची धार थेट हेडवर, म्हणजे कोनसेट बसतो त्या भागावर, मारायची सवय, आतलं ग्रीस धुऊन जाणारच.

कोनसेट खराब असताना डॅम्पर लावला तर हँडलचा झटका दबेल, पण खालचा दोष तसाच राहील आणि कळणारही नाही. म्हणून डॅम्परचं नाव काढायच्या आधी हे काम.

१० डिसेंबर

कोनसेट बदलला. वाट्यांमध्ये (बेअरिंगच्या गोळ्या ज्यात फिरतात त्या) मधोमध खळग्यांची रांग दिसत होती, नखाला लागत होती. जुन्या वाट्या लांब पंचनं आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी ठोकून काढल्या. नव्या वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या, बसवताना जुनी वाटी वर उलटी ठेवून तिच्यावर हातोडी मारली म्हणजे घाव नव्या वाटीवर पडत नाही आणि ती सरळ जाते. खालची पहिल्या खेपेला तिरकी गेली, काढून परत बसवली, त्यात पाऊण तास गेला.

ॲडजस्टिंग नट हुक पान्यानं आवळला, पाच-सहा वेळा हँडल लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फिरवलं, मग थोडा सैल करून परत. शॉकअप खालून धरून पुढं-मागं ओढल्यावर खेळ नको आणि हँडल हलक्या हातानं दोन्हीकडं सारखं पडायला पाहिजे. सोबत स्पोक तपासले, दोन सैल निघाले. टायरची हवाही मी कच्च्या रस्त्याला जास्तच ठेवत होतो.

खर्च: कोनसेट ६५०, ग्रीस १२०. वेळ पाच तास.

संध्याकाळी त्याच चाकोऱ्यांतून जाऊन आलो. निम्मा फरक इथंच पडला. हे ठळकपणे सांगतोय कारण कोनसेट न बघता डॅम्पर घेणारे बरेच भेटलेत. उरलेला निम्मा त्रास मात्र खरा होता, दगडावर टायरची कड आपटली की हँडल हातातून निसटायला बघतं.

१५ डिसेंबर, रविवार

ऑनलाईन युनिव्हर्सल लिनियर डॅम्पर मागवला होता, ३,९०० रुपये, सोबत शॉकअपला लावायचा क्लॅम्प. रस्त्यावरच्या स्पोर्ट बाईकला असतो तसा, दांडीवाला. आज लावायला बसलो आणि दोन तासांत कळलं की लागणार नाही. हे विकत घ्यायच्या आधी दहा मिनिटांत कागदावर कळलं असतं.

हिशोब असा. पुठ्ठ्यावर कोन काढून बघितलं तर हँडल मधल्यापासून प्रत्येक बाजूला ४० अंश फिरतं. शॉकअपचा मध्य स्टेमच्या (हँडल ज्याच्याभोवती फिरतं तो मधला दांडा) मध्यापासून बाजूला ९२ मिमी. दांडीला लागणारा प्रवास म्हणजे दोन गुणिले ९२ गुणिले साईन ४०, म्हणजे ११८ मिमी. डॅम्परचा स्ट्रोक ७५. म्हणजे हँडल लॉकपर्यंत पोचायच्या बऱ्याच आधी डॅम्परची दांडी संपणार आणि डॅम्परच लॉक होऊन बसणार. गाडी आडवी पडली की सगळा मार त्या दांडीवर, एकतर दांडी वाकेल नाहीतर ब्रॅकेट मोडेल, आणि चालू गाडीत वळताना अडकलं तर विचारच नको. हँडलला थांबवायचं काम चासीवरच्या स्टॉपरचं, डॅम्परचं कधीच नाही. दोन्ही टोकांना तीन-चार मिमी शिल्लक पाहिजे.

दांडी जोडायची पिन स्टेमच्या जवळ, ५२ मिमीवर आणली तर प्रवास ६७ मिमी येतो आणि बसतो. पण तिथं पिन आणायची तर खालच्या टीला (दोन्ही शॉकअप धरणारा आडवा भाग) प्लेट लावावी लागते आणि पुढचं चाक १९० मिमी वर येतं. ट्रकवाल्यांचा रॅचेट बेल्ट हँडलवरून खाली बांधून शॉकअप दाबत नेले तर मडगार्ड आणि टी मध्ये बोटही जाईना. तिथं प्लेट, बोल्ट, रॉडएंड काही बसणार नाही. होंडानं २००८ मध्ये सीआरएफ ४५० आर ला लिनियर डॅम्पर दिला होता, पण तो पहिल्यापासून त्या जागेचा विचार करून, टीच्या पुढं नंबरप्लेटमागे. आपल्या गाडीत त्या जागेत हेडलाईट आणि वायरिंग.

शिवाय माझ्या हातातला लिनियर हँडल मध्ये परत येतानाही तेवढाच अडवत होता. कच्च्या रस्त्यावर पुढचं चाक स्वतःच सरळ व्हायला बघतं, त्याला आपणच अडवायचं म्हणजे उलटं काम.

न वापरता विकला, २,८०० आले. ११०० गेले.

२१ डिसेंबर

जुना रोटरी डॅम्पर मिळाला. बेंगळुरूच्या एका रायडरकडून, १९,५०० आणि ४५० कुरिअर. नवीन स्कॉट्स किंवा जीपीआर (या डॅम्परच्या अमेरिकन कंपन्या) घ्यायचा तर तेव्हा तिकडंच ५०० डॉलरच्या वर होता, मग शिपिंग आणि ड्युटी. माझ्या खिशात ते बसत नव्हतं.

ज्यानं बघितला नाही त्याच्यासाठी: साबणाच्या वडीएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा, तो हँडलवर बरोबर स्टेमच्या मध्यावर बसतो. त्यातून एक आर्म मागं, टाकीच्या दिशेला येतो, आर्मच्या टोकाला खाच. चासीला एक उभा टॉवर लावायचा, त्याच्या वरची पिन त्या खाचेत. हँडलसोबत ठोकळा फिरतो, पिन जागची हलत नाही, म्हणून आर्म फिरतो आणि आत तेलात एक पातं फिरतं. तेल बारीक वाटेनं इकडून तिकडं जातं, ती वाट नॉबनं लहान-मोठी करायची. माझ्याकडचा मधून बाहेर जाताना अडवतो आणि मध्ये येताना सोडतो, मुख्यतः त्यासाठीच मला तो पाहिजे होता.

आर्म हातानं फिरवून बघितला तर मध्ये साधारण ५ अंश काहीच अडवत नव्हता, पोकळ. शाफ्टच्या बुडाशी तेलाची ओल. फोटोत ती दिसत नव्हती. स्वतः उघडायचा मोह झाला, पण त्यात हवा राहिली तर परत तोच पोकळपणा येतो आणि हवा काढायची साधनं माझ्याकडं नाहीत. पुण्याला सस्पेन्शनचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपला पाठवला. जुना घेणार असाल तर या खर्चाचा विचार किमतीतच करा, आणि विकणाऱ्याकडून आर्म हळू फिरवतानाचा व्हिडिओ मागा. मी मागितला नव्हता.

४ जानेवारी २०२५

डॅम्पर परत आला. सील, तेल, एकूण २,२०० आणि नऊ दिवस. आता मधोमधपासूनच पकडतो, मधाच्या बरणीत चमचा फिरवल्यासारखा.

आज मापं घेतली. दोन वस्तू करायच्या: एक, हँडलच्या क्लॅम्पच्या वरच्या टोप्या काढून त्यांच्या जागी बसणारी १२ मिमीची ॲल्युमिनियम प्लेट, तिच्यावर डॅम्पर. दोन, टॉवर. टॉवर चासीला वेल्ड करायचा नाही हे आधीच ठरवलेलं. हेडपाईप (चासीचा तो पाईप ज्यात स्टेम फिरतो) तापला की वाटीची बैठक वाकडी होऊ शकते, आणि उद्या गाडी विकायची झाली तर चासीवर वेल्डिंग बघून कुणी घेणार नाही. भोक तर अजिबात पाडायचं नाही. म्हणून हेडपाईपला वरून, वरच्या टीच्या खाली, दोन तुकड्यांचा क्लॅम्प. माझ्या गाडीवर तिथं मोकळी जागा जेमतेम १६ मिमी मिळते. चासी नंबर हेडपाईपवरच असतो, क्लॅम्प त्याच्यावर येत नाही ना हे मी दोनदा बघितलं. तो खरवडला गेला तर पासिंगला, ट्रान्सफरला कायमची डोकेदुखी.

पुठ्ठा कापून टॉवरचा नमुना केला. भाचा हँडल फिरवत होता आणि मी टॉर्च घेऊन बघत होतो. टाकीच्या नाकापासून टॉवर ९ मिमी लांब. टाकी रबरावर हलते, म्हणून याच्यापेक्षा कमी ठेवू नये.

७ जानेवारी

उद्यमनगरात लेथवाल्या आण्णांकडं काम दिलं. टॉवर क्लॅम्प एमएसमध्ये (साधं लोखंड), १,४००. प्लेट ९००. आण्णांनी कागद बघून विचारलं, "मध्य कुठनं धरलाईस?" मी म्हटलं हँडल क्लॅम्पच्या बाहेरच्या कडेपासून स्केलनं मोजलंय. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत राहिले. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं.

११ जानेवारी

पहिलं फिटिंग. डावीकडं हँडल लॉकपर्यंत गेलं. उजवीकडं लॉकच्या साधारण ५ अंश आधी टक् असा आवाज आला आणि हँडल थांबलं. वाकून बघितलं तर पिन आर्मच्या खाचेच्या बंद टोकाला टेकलेली. लोखंडावर ॲल्युमिनियम, मध्ये कागद जाईल एवढीही फट नाही. डावीकडं बघितलं तर पिन खाचेच्या तोंडाशी आलेली. म्हणजे डॅम्परचा मध्य स्टेमच्या मध्यावर नव्हता, बाजूला सरकलेला.

प्लेट काढून मोजली, ३ मिमी उजवीकडं. मी हँडल क्लॅम्पच्या बाहेरच्या कडेपासून अर्धं करून मध्य काढला होता, आणि ते कास्टिंग दोन्ही बाजूंना सारखं नाहीये. फक्त ३ मिमी. पण हँडल ४० अंश फिरलं की ते ३ मिमी पिनच्या दिशेनं दोन मिमीच्या आसपास होतात, एकीकडं आत, दुसरीकडं बाहेर, आणि माझ्या खाचेत तेवढी सवलत नव्हती. पुढं-मागं थोडी चूक चालून जाते, आडवी चालत नाही.

भोकं ओव्हल करून सरकवता येईल का असा विचार आला. पण ह्याच प्लेटनं हँडल धरलंय. हँडल धरणाऱ्या वस्तूत ओव्हल भोकं मी करणार नाही. प्लेट भंगारात, ९०० गेले.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी तिळगूळ घेऊन आण्णांच्या घरी गेलो आणि तिथंच उपाय सुचवला त्यांनी. स्टेम आतून पोकळ असतो. त्या भोकात घट्ट बसेल असा गोल तुकडा टर्न करायचा, वरचं टोक पेन्सिलीसारखं, ८० मिमी बाहेर. स्टेम तिरका असतो म्हणून ओळंबा उपयोगाचा नाही, हा तुकडा मात्र स्टेमच्याच रेषेत वर येतो आणि टोक जिथं आलं तोच मध्य, मोजायचं काही शिल्लकच राहत नाही. नवी प्लेट कोरी, बिनभोकाची क्लॅम्पवर ठेवायची आणि खालून टोकानं खूण करायची.

एवढं साधं होतं. त्यांनी तो तुकडा फुकट करून दिला, आता तो माझ्या टूलबॉक्समध्ये आहे. कोल्हापुरात कुणाला लागला तर घेऊन जा.

१९ जानेवारी, रविवार

दुसरी प्लेट आली, परत ९००. हँडलची अर्धगोल खाच २२ मिमी, चार एम८ बोल्ट, पुढची आणि मागची फट सारखी राहील असे आळीपाळीनं आवळले. डॅम्परचे बोल्ट एम६, निळं लॉकटाईट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद), १० एनएमच्या (न्यूटन-मीटर, आवळायच्या जोराचं माप) वर नाही, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. पिन खाचेत मधोमध. लॉक टू लॉक हँडल फिरवलं, दोन्हीकडं आधी चासीचा स्टॉपर लागतो आणि तेव्हा पिनच्या पुढं-मागं जागा शिल्लक असते. हे मी डोळ्यांनी नाही, खाचेत मऊ माती भरून बघितलं, मातीवर पिनचा ठसा उमटतो तो मोजला. अडीच मिमी शिल्लक.

मग बाकीच्या गोष्टी, ज्यांचा आधी विचार केला नव्हता. क्लचची केबल टॉवरला घासत होती, तिला टीच्या दुसऱ्या बाजूनं नेली. ब्रेकचा होज ठीक. वायरिंगचा एक झुबका उजव्या लॉकला ताणला जात होता, टाय कापून दोन इंच मोकळा केला. किल्ली लावायला बोटं आत घालावी लागतात, ग्लोव्हज घालून जमत नाही, याची सवय करून घ्यावी लागणार. आणि टॉवरचं टोक छातीच्या समोर येतं, चढावर उभं राहून गाडी चालवताना पडलो तर तेच लागणार, म्हणून टोक गोल घासून घेतलं आणि वर फोमचा पॅड बांधला.

हे सगळं करण्यात सहा तास गेले. नुसतं डॅम्पर बसवायला चाळीस मिनिटं लागली असतील.

२६ जानेवारी, रविवार

पहाटे निघालो, पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठाराच्या बाजूचा कच्चा रस्ता. पठारावर गाडीवाट सोडून आत जात नाही आणि कुणी जाऊ नये. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो, पावसाळ्यातली सगळी फुलं त्याच्यावर जगतात, चाकाचा एक ओरखडा कितीतरी वर्षं तसाच राहतो.

नॉब पूर्ण सैल बाजूपासून ८ क्लिक. पहिल्या दहा किमीत मी खूश होतो. सुट्ट्या जांभ्यावर टायर आपटतो, आवाज येतो, पण हँडल हातात शांत. अंगठ्यावर जोर नाही. उभं राहून ६० ला त्या दगडांवरून गेलो, आधी मी तिथं ४० च्या वर जात नव्हतो.

मग वळणावळणाचा उतार आला. पहिल्या गिअरमध्ये, हळू. तिथं हँडल जड, गाडी झुकायला लागली की आपण हँडल थोडं थोडं हलवून तोल सांभाळतो, ते हलवणंच उशिरा होत होतं. गाडी नागमोडी चालायला लागली. एका वळणावर पाय टेकवावा लागला. नॉब चार क्लिक सैल केला तेव्हा जमलं.

परतताना वेगळंच काहीतरी वाटायला लागलं. सरळ रस्त्यावर डावीकडं हँडल जास्त हलकं, उजवीकडं लगेच पकडतंय. घरी येऊन बघितलं. फिटिंगच्या वेळी क्लॅम्प आणि हेडपाईपवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली होती. रेघ तुटली होती, क्लॅम्पवरचा तुकडा हेडपाईपवरच्या तुकड्यापासून ३ मिमी सरकलेला. टॉवर फिरला होता.

ही रेघ मारायला विसरू नका. ती नसती तर मी डॅम्परलाच दोष देत बसलो असतो.

२८ जानेवारी

क्लॅम्प खोलून आण्णांकडं नेला. त्यांनी आतून बोट फिरवलं, काळं लागलं. "हे काय?" सायकलच्या ट्यूबची पट्टी होती, हेडपाईपचा रंग जाऊ नये म्हणून मी मध्ये घातलेली. "रबरावर कुठं क्लॅम्प बसतोय व्हय? रंग पाहिजे का पकड पाहिजे ते ठरीव आधी."

रबर दाबलं जातं, बोल्ट घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण प्रत्येक धक्क्याला रबर थोडं सरकतं आणि परत येत नाही. त्यात माझा टॉवर उंच, पिन क्लॅम्पपासून ७८ मिमी वर, म्हणजे पिनवरचा प्रत्येक झटका क्लॅम्पला पिळत होता. डॅम्पर हँडलच्या वर बसवला की टॉवर उंचच होतो. हँडलच्या खाली डॅम्पर बसवणारी किट्स असतात, त्यात टॉवर बुटका येतो, पण मग हँडल वर उचलावं लागतं आणि सगळ्या केबल्सची लांबी बदलते. मला ते परवडणारं नव्हतं.

नवा टॉवर ठरला. तीन बदल. बोअर हेडपाईपच्या मापाचं, मध्ये काही नाही, दोन तुकडे आवळल्यावर मध्ये दीड मिमी फट राहायला पाहिजे, नाहीतर तुकडे एकमेकांवर टेकतात आणि पाईपवर पकडच येत नाही. टॉवरचा बूड रुंद. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, क्लॅम्पला मागं दोन कान, ते चासीच्या मधल्या पाईपला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. म्हणजे पकड सैल झाली तरी टॉवर फिरूच शकत नाही. हे कान पहिल्याच नमुन्यात असायला पाहिजे होते, पुठ्ठ्याला पीळ कळत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

नवा टॉवर, १,८००. हेडपाईपवर क्लॅम्प बसतो तेवढ्या पट्ट्यावरचा रंग पॉलिश पेपरनं काढला, थिनरनं पुसलं, कोरड्या लोखंडावर लोखंड बसवलं. आवळून झाल्यावर कडेनं ब्रशनं रंग लावला म्हणजे पाणी आत जाऊन गंजणार नाही. एम८ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, २४ एनएम. कान आणि पाईपमध्ये दोन्हीकडं अर्धा मिमी फट, ती फीलर गेजनं सारखी केली. नवी पांढरी रेघ.

पिन आणि आर्मच्या खाचेत खेळ नको, पण घट्टही नको. माझी पिन थोडी बारीक झाली होती, हँडल मध्ये असताना टिकटिक वाजायची. पितळी बुश घातला, वाजणं बंद.

९ फेब्रुवारी, रविवार

सेटिंगचा दिवस. कासारीकाठ, त्याच चाकोऱ्या, एकच दीड किमीचा पट्टा नऊ वेळा. प्रत्येक खेपेला दोन क्लिक बदलले आणि वहीत लिहिलं.

आधी एक घोळ. ज्याच्याकडून डॅम्पर घेतला त्या बेंगळुरूच्या रायडरनं सांगितलं होतं "ट्रेलला १२ वर ठेव." १२ वर हँडल दगड. फोन केला तेव्हा कळलं, तो पूर्ण घट्ट बाजूपासून मोजतो आणि मी पूर्ण सैल बाजूपासून. मी यापुढं सैल बाजूपासूनचेच आकडे लिहितोय.

शहरात ०. चढ-उतार, हळू वळणं, दगडी पायवाट ३ ते ४. चाकोऱ्या आणि सुटे दगड, ४० ते ६० चा स्पीड, ६. याच्यावर मला तरी काही मिळत नाही, ८ ला हात थकायला लागतात. वाळूत मी चालवलेलं नाही. सुरुवात ० पासून करा आणि दोन-दोननं वर जा, वरून खाली येऊ नका, कारण जास्त घट्ट असताना गाडी हळू स्पीडला नागमोडी होते आणि माणूस ती चूक स्वतःची समजतो.

आणि तपासायची एक पद्धत. चाक उचलून, नॉब ० वर ठेवून हँडल हलकं ढकललं तर ते आपलं आपण दोन्हीकडं पडायला पाहिजे, ८ डिसेंबरच्या चाचणीसारखंच. नाही पडलं तर एकतर कोनसेट बिघडलाय किंवा प्लेटचा मध्य चुकलाय. दर महिन्याला हे करणार.

त्या जुन्या जागेवर, जिथं अंगठा मुरगळला होता, तिथं मुद्दाम त्याच चाकोरीत ५५ ला उतरलो. बाहेर पडताना चाकानं धक्का दिला, हँडल दोन बोटं हललं, आणि सावकाश मध्ये आलं. गाडी थांबवून काही वेळ तिथंच उभा राहिलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवा टॉवर लागल्यापासून २४० किमी. पांढरी रेघ सलग आहे. शाफ्टच्या बुडाशी कोरडं. प्लेटचे चार बोल्ट टॉर्क पान्यानं तपासले, हलले नाहीत. टॉवरचा एक बोल्ट पाव आटा घेतला, म्हणून तो पुढच्या राईडनंतर परत बघणार.

पूर्ण खर्च: कोनसेट आणि ग्रीस ७७०, लिनियरमधला तोटा ११००, रोटरी कुरिअरसह १९,९५०, त्याची सर्व्हिस २,२००, दोन टॉवर ३,२००, दोन प्लेटा १,८००, बोल्ट-बुश-लॉकटाईट वगैरे ७८०. बेरीज २९,८००. यातले ३,४०० सरळ वाया गेलेले, पहिला टॉवर, पहिली प्लेट आणि लिनियर. वेळ वहीत लिहिलाय तेवढा ४६ तास, त्यात उद्यमनगरच्या चकरा धरलेल्या नाहीत.

टॉवर आणि प्लेटचं मापांसह ड्रॉइंग काढून ठेवलंय, पण ते माझ्या गाडीचं आणि माझ्या डॅम्परचं आहे, तुमचा डॅम्पर वेगळा असेल तर आर्मची लांबी वेगळी असेल. तसंच घेऊन लेथवर जाऊ नका. आधी स्टेमच्या भोकातला तो टोकदार तुकडा करून घ्या, मग प्लेटचं बघा.

प्रेशर वॉशर हेडच्या आसपास आता बंद. बादली आणि फडकं.